टेबल सरळच आहे

कराड

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू लेक्चरच्या घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितोय. चार्जर काढला की लॅपटॉप पाच मिनिटांत बंद पडतो, आता नवाच घेऊ, असं तू काल म्हणालीस. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण टचपॅड डाव्या बाजूला दाबलं जात नाही, असं जाता जाता बोललीस ना, ते रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. दिवाळीत जेवणाच्या टेबलावर तुझा लॅपटॉप डुगडुगत होता. आईनं खाली कागदाची घडी सारली आणि आपण विसरलो. आज मी टेबलाला पाणसळ लावून पाहिली. टेबल सरळच आहे.

म्हणजे बॅटरी फुगली आहे. आतल्या रसायनाचा वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग ते पाकीट उशीसारखं फुगतं आणि वरच्या टचपॅडला खालून रेटतं. तेव्हा आता तो चार्जिंगला लावायचा नाही, वापरायचाही नाही. बंद करून गादी-पुस्तकांपासून लांब, फरशीवर ठेव. टचपॅड दाबून सपाट करायला जाऊ नकोस आणि मैत्रिणीच्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडूही नकोस. टोक आत घुसलं तर बॅटरी पेट घेते.

यात थोडी चूक माझीही आहे. तीस वर्षं एसटीच्या डेपोत बसच्या बॅटऱ्या सांभाळल्या. ती शिशाची बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, म्हणून ती कायम भरलेली ठेवायची. तोच नियम तुला सांगितला, 'चार्जर लावूनच ठेव गं.' लिथियमची तऱ्हा उलटी. शंभर टक्क्यांवर अडकून राहणं आणि उष्णता, दोन्ही तिला बाधतात. तू तर गादीवर ठेवून रात्र रात्र काम करतेस, खालची जाळी झाकलेली. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. मला हे आता कळलं.

दिवाळीत मी तुझ्या लॅपटॉपवर बॅटरीचा रिपोर्ट काढला होता, आठवतं? कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप केलं की तो मिळतो. डायरीत आकडे आहेत. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, आता पूर्ण चार्ज होऊन १९,०००. निम्म्याहून कमी. बॅटरी म्हातारी झाली, पण लॅपटॉप? प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा आहे, म्हणजे विंडोज ११ ला चालतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते नाहीतरी करायचंच होतं. स्क्रीन, कीबोर्ड ठणठणीत. टायर गेला म्हणून गाडी भंगारात घालत नाहीत.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं येतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊ. बॅटरी काढली की आधी तिच्यावरचा पार्ट नंबर बघायचा. नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागितली तर भलतीच गळ्यात मारतात. नवीवरची तारीखही वाचायची, कारण कपाटात पडूनही ती झिजतेच. मी तिथल्या एका दुकानदाराला फोनवर विचारलं, साडेतीन हजार म्हणाला, बसवणं धरून. बिल आणि वॉरंटी असेल तरच. जुनी दुकानदार रीतसर जमा करणार का, हेही विचारायचं. कचऱ्याच्या डब्यात टाकायची वस्तू नाही ती.

त्याच्याकडे बॅटरी नसली तर जुनी काढून नुसत्या अडॅप्टरवर चालवून बघू. काही लॅपटॉप तसे चालतात, काही फार संथ होतात. चालला तर दर पाच मिनिटांनी सेव्ह करायचं. होस्टेलची लाइट गेली की सगळं गेलं.

तोवर प्रोजेक्टचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये कर. नव्यासाठी काढलेले पैसे पोस्टात आहेत, सध्या तिथेच राहू देत. पुढच्या सेमिस्टरच्या सॉफ्टवेअरला हा खरंच पुरला नाही तर तसं सांग, कुरकुर न करता काढीन.

आई चिवडा देतेय. मागचे दोन डबे परत आणायचे आहेत म्हणे, ते धुऊन ठेव.

तुझे,
पप्पा