दहा बाय बाराच्या खोलीतली शिस्त

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रसदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने असे लिहिले आहे की, २०२० साली करोनाच्या साथीत सरकारने घरी बसायला सांगितले तेव्हा मुंबईकरांनी, विशेषतः गिरणगावातल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी, ते ऐकले नाही. नाक्यावरची गर्दी हटली नाही. आणि पुन्हा कधी अशी साथ आली तर पहिल्या दिवसापासून दंडुकाच चालवावा लागेल. पत्रलेखकांना मी ओळखत नाही आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु त्या वर्षी लालबागमधल्या एका चाळीच्या रहिवासी समितीचा मी चिटणीस होतो, लोकांना घरात बसवण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले होते, आणि त्या अनुभवाने माझे मत त्यांच्या मताच्या बरोबर उलट झाले आहे.

सुरुवातीला मीही त्यांच्यासारखाच विचार करत होतो, हे आधी कबूल करतो. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला आमची चाळ दिवसभर चिडीचूप होती. पण संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवायला म्हणून गॅलरीत आलेली पोरे पाहता पाहता जिना उतरून रस्त्यावर गेली आणि त्यांची मिरवणूकच झाली. मला भयंकर राग आला. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. मी घरात पडलेली एक जुनी शिट्टी शोधून काढली आणि सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागलो. खाली कोण जातो, कशासाठी जातो आणि किती वाजता परत येतो, याची नोंद मी दोनशेपानी वहीत ठेवत असे.

त्या वहीनेच मला शहाणे केले. आमच्या मजल्यावर वीस खोल्या, त्यांत मिळून शंभराच्या आसपास माणसे, आणि टोकाला चार संडास. प्रत्येकाने दिवसातून दोनदाच जायचे म्हटले तरी, इमारतीचे फाटक न ओलांडता, एका मजल्यावर दोनशे वेळा घराबाहेर पडणे आले. मी संडासासमोर खडूने गोल आखले. सकाळी सहा वाजता त्या गोलांत उभी राहिलेली रांग निम्मा पॅसेज भरून टाकत असे, आणि ज्यांचे दार त्या रांगेसमोर उघडते त्या चार बिऱ्हाडांना दार लावून बसावे तर आत जीव गुदमरायचा. याला बेशिस्त म्हणायचे असेल तर नियमात बसणारी शिस्त कोणती, हे मला आजही सांगता येणार नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. आमच्याच मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या एका खोलीत सात माणसे राहतात. त्यांतला थोरला मुलगा एका रुग्णालयात वॉर्डबॉय, आणि त्याची ड्यूटी बहुधा रात्रीची. एरवी सकाळी तो घरी यायचा तोवर वडील दुकानावर, धाकटा कॉलेजात, बायको कामावर गेलेली असायची, आणि आजी गॅलरीत लसूण सोलत बसायची. त्यामुळे नऊपासून तीनपर्यंत त्याला जमीन रिकामी मिळायची. टाळेबंदीत ही सगळी माणसे चोवीस तास आत. तेव्हा तो आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत, ढोल-ताशांच्या बाजूला सतरंजी टाकून झोपू लागला. कोणीतरी माझ्याकडे तक्रार केली की रुग्णालयातून आलेला माणूस सार्वजनिक जागेत कसा झोपतो. मी वही काखेत मारून गेलो, त्याला उठवले आणि घरी जाऊन झोपायला सांगितले. त्याने आवाज चढवला नाही. ‘काका, घरात आडवं व्हायला जागा रिकामी झाली की एक हाक मारा, मी येतो,’ एवढेच म्हणाला.

त्यानंतरही मी वही चालू ठेवली, पण तिच्यात लिहायच्या गोष्टी बदलल्या. कोणत्या खोलीत किती माणसे, कोणाची कोणती पाळी, कोणाला दम्याचा त्रास, कोणाची बारावीची परीक्षा, असे लिहू लागलो. लिहिता लिहिता लक्षात आले की मुंबईतली ही घरे सगळ्यांनी एकाच वेळी आत बसावे म्हणून बांधलेलीच नाहीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळींची १६० चौरस फुटांची खोली शंभर वर्षांपूर्वी बांधली तेव्हा दिवसाचा बराच वेळ घरातली निम्मी माणसे कामावर असणार, हे गृहीत होते. कोकणातल्या एकेका गावाने मुंबईत मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्यांत तर चाकरमान्याची ट्रंक आणि वळकटी तेवढी मुक्कामाला असायची. माणूस पाळीप्रमाणे येऊन झोपून जायचा. आपल्या घराचा उरलेला भाग बाहेर असतो: गॅलरीत, नाक्यावर, मैदानात, आणि लोकलच्या डब्यात. रोजचे पंचाहत्तर लाखांच्या आसपास लोकलप्रवास २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून एकदम थांबले, तेव्हा माणसे घरी परतली खरी, पण त्यांना सामावून घेणारी घरे नव्हती.

पत्रलेखकांनी झोपडपट्ट्यांतल्या संसर्गाचा दाखला दिला आहे, म्हणून तोही पाहू. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांच्या तीन वॉर्डांत रक्ताची तपासणी केली. झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. वॉर्ड तेच, हुकूम तोच, पोलीसही तेच. तरी साडेतीन पटींचा फरक. लेखक यातून बेशिस्त वाचतात. मी मात्र त्यात सामायिक संडास, एकमेकांना खेटून असलेली दारे आणि मध्ये भिंत नसलेली झोप वाचतो. शिवाय जून महिन्यात टाळेबंदी सैल करणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’खाली फिरायची मुभा मिळाली, त्या पहिल्याच शनिवार-रविवारी मरीन ड्राइव्हवर जी झुंबड उडाली, तिच्यात चाळीतल्यांइतकेच प्रशस्त फ्लॅटवालेही असणार. त्यांनाही मी दोष देत नाही. अडीच महिने चार भिंतींत काढल्यावर मोकळ्या हवेला कोण नाही म्हणेल?

धारावीत जे झाले ते याच कारणासाठी आठवावे लागते. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-साडेआठ लाख माणसे राहत होती आणि आता काय होणार या विचाराने सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. तिथल्या यंत्रणेने ‘घरीच राहा’ हा मंत्र जपत बसण्याऐवजी, घरी राहणे जमणारच नाही हे मान्य केले. संशयितांना शाळांत आणि सभागृहांत नेऊन ठेवले, त्यांच्या जेवणाची सोय केली, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा धुतली, आणि दारोदार जाऊन ताप मोजला. त्यात खाजगी डॉक्टरांनीही हातभार लावला. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले ते या कामासाठी. पोलीस तिथेही होते, पण साथ आटोक्यात आली ती लोकांना घराबाहेर दुसरी जागा मिळाल्यामुळे, असे मी मानतो.

दंडुक्याचा प्रयोग तर याच शहरात फार जुना आहे. २०२० मध्ये राज्य सरकारचे बरेच हुकूम ज्या साथरोग कायद्याखाली निघाले तो १८९७ चा, आणि त्याचे निमित्त म्हणजे आदल्या वर्षी मुंबईतल्या मांडवी भागात उघडकीला आलेला प्लेग. तेव्हा रोग्यांना जबरदस्तीने घराबाहेर काढत, २०२० मध्ये घराबाहेर पडू देत नव्हते. दिशा उलट, पण माणसाला काय परवडते हे न विचारण्याची रीत तीच. १८९६ च्या ऑक्टोबरात संतापलेल्या गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता आणि लक्षावधी लोक शहर सोडून गावी निघून गेले होते, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना त्यांच्या आजा-पणजांकडून ऐकून ठाऊक होते.

आमच्या भागात कोणी चुकलेच नाही, असे मी म्हणणार नाही. गच्चीवर रात्री दोन वाजेपर्यंत रमीचे डाव चालत, आणि मास्क हनुवटीवर लटकवून वडाच्या झाडाखाली मावा चघळणारे चौघेजण तर शेवटपर्यंत माझ्या शिट्टीला पुरून उरले. त्यांना पोलिसांनी दोनदा पिटाळले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या चारशे रहिवाशांत ते चौघे होते. या चौघांकडे बोट दाखवून उरलेल्यांना बेशिस्त ठरवणे, आणि तेही आपल्या स्वतंत्र शौचालयाच्या घरात बसून, मला अन्यायाचे वाटते. आज्ञा किती पाळली हे मोजताना ती पाळण्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, हेही मोजले पाहिजे.

पुन्हा साथ येईल तेव्हा कोणत्या वॉर्डातली कोणती शाळा रात्रपाळीच्या माणसांना झोपायला उघडायची, कोणत्या चाळीत फिरती शौचालये उभी करायची आणि रेशनचे धान्य जिन्यापर्यंत कसे पोहोचवायचे, हे साथ येण्याआधीच ठरवून ठेवता येते. त्यासाठी कुठे किती माणसे राहतात हे ठाऊक असावे लागते. आमच्या चाळीपुरती ती माहिती त्या दोनशेपानी वहीत आहे. वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमारास, मी ती दुरुस्त करतो. गेलेल्यांची नावे खोडतो, नव्याने जन्मलेल्यांची आणि लग्न होऊन आलेल्यांची लिहितो. तो वॉर्डबॉय आता दिवसपाळीला असतो, तेही त्यात नोंदवले आहे. वही कोणी मागितली तर लगेच देईन. अजून कोणी मागितलेली नाही.

आपला,
एक निवृत्त कारकून,
लालबाग, मुंबई