सईला पत्र: खालच्या बोर्डांवरची माणसं

प्रिय सई,

पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत खेळ म्हटल्यावर परवा फोनवर तू जे बोललीस ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. फोनवर तुझं लेक्चर असतं नाहीतर मेसची वेळ झालेली असते, आणि हे बोलणं घाईत उरकण्यासारखं नाहीये.

तू म्हणालीस, आई, दहावीनंतर बुद्धिबळाचा पट उघडला नाही मी, आता तिथं येऊन नऊ-नऊ वर्षांच्या पोरांकडून हरू का, आणि बाकीचे तर काय, सगळे टाइमपासला येणारे काका लोक. यातल्या पहिल्या गोष्टीचं उत्तर आहे माझ्याकडे आणि दुसरी ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

आधी पोरांचं सांगते. हरशील. एखाद्या नाही, दोन-तीन पोरांकडूनही हरशील, आणि त्याचं कारण तुझा खेळ गंजलाय एवढंच नाहीये. तू सोडलंस तेव्हा तुझं क्लासिकल रेटिंग 1310 होतं ना, आता साइटवर बघ, 1586 दिसेल, नावापुढं इनॲक्टिव्ह लिहिलेलं असलं तरी. 1 मार्च 2024 ला फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, 2000 च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदम वाढवलं, 2000 ला जेवढे कमी पडतात त्याच्या 40 टक्के मिळवून दिले आणि तळ 1000 चा 1400 केला. तुला 690 कमी होते, त्याचे 276 मिळाले. म्हणजे एक प्यादंही न हलवता तू वर गेलीस. आता ही पोरं बघ. रोज रात्री ऑनलाइन खेळतात, पझल्स सोडवतात, क्लासला जातात, आणि रेटेड स्पर्धा मात्र कधीतरी सुट्टीत नाहीतर शनिवार-रविवारी, त्यामुळे यादीत 1450 दिसणारं पोरगं म्हणजे त्याचा मागच्या वर्षीचा फोटो असतो, समोर बसतं ते तोवर केवढंतरी वाढलेलं असतं. फिडेलाही हे माहीत आहे म्हणून तर अठरा वर्षांच्या आतल्यांचा के फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 ठेवलाय आणि तुझा आता 20. तू 1450 वाल्या पोराकडून हरलीस तर तुझे साधारण साडेतेरा जातील, त्याला सत्तावीस मिळतील. मग तू दुसऱ्या कुणाकडून ते परत मिळव. साडेतेरा पॉइंट गेले म्हणून कुणी घरी बसतं का गं?

आता काका लोक. सई, तू कायम स्वतःच्या बोर्डवर बसून स्पर्धा बघितलीस. मी पंच झाल्यापासून उभी राहून बघते, आणि वरच्या दहा बोर्डांपेक्षा कमी गुणांवाले बसतात त्या चाळीसच्या पुढच्या बोर्डांवर मी जास्त रमते हे तुला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

परवाची स्पर्धा 1800 रेटिंगच्या आतल्यांची होती. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि बेळगावकडचेसुद्धा काही जण आले होते. शनिवारी चार फेऱ्या, रविवारी तीन, प्रत्येकाला 30 मिनिटं आणि चालीमागं 30 सेकंद. सकाळी साडेआठला हॉलच्या दारात जी गर्दी असते ना पेअरिंगच्या, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी त्या, कागदासमोर, तशीच होती, आता सगळ्यांच्या मोबाइलवर पेअरिंग येतं तरी लोक कागद लावलेल्या भिंतीशीच जाऊन बोट फिरवत नाव शोधतात. स्विस लीगची ही गोष्ट मला फार आवडते बघ, हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही. पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यांची गाठ खालच्या अर्ध्यांशी पडते, त्यात खालच्यांची बहुतेक धुलाई होते, पण दुसऱ्या फेरीपासून जेवढे गुण तेवढ्याच गुणांचा माणूस समोर यायला लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत प्रत्येकाला आपल्या ताकदीचं कुणीतरी सापडतं. म्हणून शून्य गुणावर असलेला माणूससुद्धा रविवारी दुपारी शर्टाच्या बाह्या सरसावून बसलेला दिसतो, कारण त्याचा खरा सामना तेव्हा चालू असतो.

त्यातले एक कराडचे गृहस्थ, एसटीतून रिटायर झालेले, दर स्पर्धेला येतात, स्वतःचं घड्याळ आणि स्वतःचा पट घेऊन येतात. सहाव्या फेरीत त्यांच्यासमोर मिरजेची एक चिमुरडी होती, खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली, नाहीतर तिचा हात पलीकडच्या हत्तीपर्यंत पोचत नव्हता. शेवटी शेवटी दोघांचीही प्यादी धावत होती. काकांचं प्यादं आधी आठव्या घरात पोचलं, वजीर जवळपास कुठं दिसेना, वेळ थोडी उरलेली, त्यांनी पटकन मारला गेलेला हत्ती उचलला, उलटा करून ठेवला आणि घड्याळ दाबलं. आपण सगळे घरी असंच खेळतो की. पोरीनं शांतपणे हात वर केला. मी गेले तर म्हणाली, मॅम, हा हत्ती आहे. आणि खरंच नियम तोच आहे, उलटा ठेवला तरी तो हत्तीच धरायचा. वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायचा, त्याला पूर्ण मुभा आहे. मी तसं सांगितलं. काका पटाकडे बघत राहिले, मग म्हणाले, बरोबर आहे पोरीचं. पुढं तिचं प्यादं सातव्यात होतं आणि राजा त्याच्या शेजारी, वजीर असता तर काका जिंकत होते, एकट्या हत्तीला ते जमलं नाही, हत्ती देऊन प्यादं मारावं लागलं आणि दोन राजे उरले, बरोबरी. तिच्याएवढ्या वयाच्या मुलीला नियम ठाऊक असणं हे एक, पण भर हॉलमध्ये साठीच्या पुढच्या माणसासमोर हात वर करणं याला छाती लागते. आणि काकांनी जे केलं तेही बघ, स्कोअरशीटवर सही केली आणि बाहेर जाऊन तिला पट मांडून दाखवला, वजीर असता तर प्यादं सातव्यात असताना राजा कसा जवळ आणायचा, शह देत देत वजीर पायरी पायरीनं कसा पुढं घ्यायचा. पुढच्या फेरीचं पेअरिंग लागेपर्यंत दोघं तिथंच होती. हे तुझे टाइमपासवाले काका.

अजून एक सांगते. कोल्हापूरकडचा एक मुलगा येतो, तुझ्याच वयाचा असेल, त्याला दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळा पट असतो, काळी घरं जराशी उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खिळा आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर खूण. प्रतिस्पर्धी आपल्या नेहमीच्या पटावर खेळतो आणि दोघांनीही प्रत्येक चाल मोठ्यानं बोलायची. ए आणि ई, बी आणि डी ऐकताना गल्लत होते म्हणून फिडेच्या नियमातच उभ्या ओळींना नावं दिलीत, ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. त्या हॉलमधल्या शांततेत एक आवाज येत राहतो, ईव्हा चार, घोडा फेलिक्स तीन. त्याची बोटं पूर्ण वेळ पटावर फिरत असतात आणि ती फिरताना मोहरा हलत नाही, भोकातून उचलला तरच स्पर्श धरायचा. मी त्याच्या टेबलाशी उभी असताना समोरच्यानं घाईत चाल पुटपुटली, त्यानं लगेच मान वर करून पुन्हा सांगायला लावली, अगदी नेमक्या सुरात, न चिडता. तो डाव त्यानं जिंकला, उंट आणि दोन प्यादी घेऊन, आणि फार छान जिंकला.

एक गोष्ट मात्र मला दर वेळी त्रास देते आणि ती हॉलच्या बाहेर घडते. पालक. डाव हरून पोरगं दारातून बाहेर येतं, डोळे भरलेले असतात, आणि बाप पाणीसुद्धा न देता विचारतो, घोडा कसा सोडलास, तिथं दिसत नव्हतं का तुला? परवा एक जण तर पोराच्या हातातली स्कोअरशीट ओढून घेऊन सगळ्यांसमोर चाली वाचायला लागला. मी तिथं जाऊन त्यांना थांबवलं. पंचाचा अधिकार दाराबाहेर किती चालतो कोण जाणे, पण मी थांबवलं, आणि मुख्य पंचांनी पुढच्या फेरीआधी माइकवर सगळ्या पालकांना समज दिली. त्या पोरानं पुढचे दोन्ही डाव भीतीनं बरोबरीत सोडवले, जिंकायची पोझिशन असताना. मला वाटतं खेळ सोडणारी निम्मी मुलं अशीच बाहेरच्या व्हरांड्यात सुटतात. तुझ्या बाबतीत बाबांनी आणि मी एवढं पाळलं होतं की डावाबद्दल तू बोलल्याशिवाय आम्ही बोलायचं नाही.

आणि तू हेही विचारलंस की मुलींचा वेगळा गट आहे का. नाहीये. मुलींसाठी बक्षिसं वेगळी आहेत, पण खेळायचं सगळ्यांत. मला विचारशील तर हे उत्तम आहे. 1976 मध्ये रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढा गदारोळ झाला, तिच्या वडिलांनी वरपर्यंत दाद मागितली आणि मॅक्स यूवे, जे स्वतः जगज्जेते होते आणि तेव्हा फिडेचे अध्यक्ष होते, त्यांनी सांगितलं की बाई आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. मराठी घरातल्या मुलीमुळं हा निर्णय झाला, आणि तू आता सगळ्यांसोबत बसायला बिचकतेस? आपल्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर हा खेळ रुजवला, स्वाती घाटे इथूनच वुमन ग्रँडमास्टर झाली. नागपूरची दिव्या देशमुख तुझ्याच आगेमागे जन्मलेली, 2025 च्या जुलैत बाटुमीला महिला वर्ल्ड कपच्या फायनलला कोनेरू हंपीशी पहिले दोन डाव बरोबरीत गेले, मग रॅपिडमध्ये, कमी वेळाच्या डावांत, तिनं हरवलं आणि तिथल्या तिथं ग्रँडमास्टर झाली, त्याआधी ग्रँडमास्टर व्हायला एरवी लागतात त्यातला एकही जीएम नॉर्म नसताना. तिची आणि तुझी बरोबरी मी करत नाहीये गं. तू दिव्या होणार नाहीस आणि मला तशी हावही नाही. मला एवढंच हवंय की तू त्या हॉलमध्ये बसावंस, कारण तू पटासमोर बसलीस की तुझा चेहरा जसा होतो तसा मी दुसऱ्या कशातही बघितलेला नाही, ना अभ्यासात ना मोबाइलवर.

पुढच्या महिन्यात पुन्हा तसलीच स्पर्धा आहे, त्याच हॉलमध्ये. तू खेळणार असलीस तर मी तिथं पंच म्हणून नसेन, मुख्य पंचांना तसं विचारून ठेवलंय, ते म्हणाले ऐनवेळी नको, आठवडाभर आधी कळवा म्हणजे दुसरं माणूस बघता येईल. माझं मानधन जाईल ते जाऊ दे. आई पंच आणि लेक बोर्डवर हे बरं दिसत नाही, आणि कुणी तुझ्या जिंकण्यावर बोट ठेवलेलं मला खपणार नाही. मी बाहेर बसेन बाकीच्या आयांबरोबर.

एन्ट्री तुझी तू भर, मी भरणार नाही. फिडे आयडी जुनाच चालेल, फेडरेशनचं या वर्षीचं रजिस्ट्रेशन मात्र तुला परत करावं लागेल, ते राहिलं तर नाव येत नाही. ओपनिंगचं फार काही वाचत बसू नकोस, तुझी ती लंडन सिस्टीम अजून हातात असेल तेवढी पुरे, त्यापेक्षा रोज दहा-पंधरा पझल्स आणि हत्तीची एंडगेम्स कर, खालच्या बोर्डांवर बरेच डाव हत्ती आणि प्याद्यांवर येतात. नोटेशन लिहायची सवय गेली असेल तर ती आधी कर, 30 सेकंदाच्या इन्क्रिमेंटला शेवटपर्यंत लिहावंच लागतं आणि तीन वर्षं कीबोर्डवर टाइप करून तुझा हात दुखेल. प्यादं शेवटच्या घरात नेऊन वजीर न ठेवताच घड्याळ दाबलं तर ती इल्लीगल चाल होते, समोरच्याला दोन मिनिटं मिळतात आणि दुसऱ्यांदा केलंस तर डाव जातो, हे लहान मुलांना पक्कं पाठ असतं. फोन बाबांकडे देऊन आत जायचं, बंद करून खिशातसुद्धा नको.

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटवरून एसटी मिळेल, रात्री उशिरा पोचशील, बाबा स्टँडवर येतील. येताना मेसच्या काकूंना दोन दिवसांचा डबा नको म्हणून सांग. आणि मंगळवारपर्यंत मला हो की नाही ते कळव, म्हणजे मी मुख्य पंचांना फोन करते.

तुझी,
आई