विषय : उभ्या गाड्या मागच्या भिंतीकडे हलवण्याच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती
मनीष नगर, नागपूर

दि. १२ एप्रिल

महोदय,
सप्रेम नमस्कार.

महिन्याहून जास्त काळ उभ्या राहणाऱ्या गाड्या मागच्या भिंतीला लावाव्यात आणि त्यांच्यावरच्या ‘चिंध्या’ काढाव्यात, अशी नोटीस लिफ्टजवळ लागली आहे. चिंध्या कोणाच्या, हे नाव न लिहिताही सगळ्यांना कळलं. त्या माझ्या कॅम्पर व्हॅनच्या टायरना बांधलेल्या जाड पांढऱ्या कापडाच्या टोप्या आहेत. सौ.ने जुन्या पडद्यांच्या शिवल्यात. दिसायला बऱ्या नाहीत, मान्य.

पण त्या का बांधल्या, ते सांगतो. आम्ही दोघं थंडीत पेंच, ताडोबा, चिखलदरा करतो आणि एप्रिल ते दिवाळी गाडी उभी असते. गेल्या वर्षी ती याच मागच्या भिंतीला होती. दिवाळीनंतर रामटेकला निघालो तर पहिले पाच-सहा किलोमीटर बैलगाडीत बसल्यासारखे धक्के. सहा महिने एकाच जागी टेकून टायर खालून चपटे झाले होते. मनसरला पंक्चरवाल्याला दाखवलं. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बोटभर चिरा. तो म्हणाला, “काका, हा टायर चालून नाही गेला, उभा राहू राहू गेला.” बाजूवरचा चार आकडी कोड त्यानेच वाचून दाखवला : १४१८, म्हणजे २०१८ च्या चौदाव्या आठवड्यातला माल. गाडी जेमतेम अकरा हजार किलोमीटर चाललेली. चारही टायर बदलावे लागले.

मग मी जरा खोलात गेलो. टायरच्या रबरात कंपनी मेणासारखं एक द्रव्य मिसळते. गाडी चालताना टायर दाबला-ताणला जातो, तेव्हा ते हळूहळू वर येऊन हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतं. गाडी उभी राहिली की ते वर येणं मंदावतं. त्यात मागच्या भिंतीवर दुपारपासून मावळेपर्यंत ऊन, आणि आपल्याकडचा मे म्हणजे पंचेचाळीस अंश. शिवाय जनरेटर तिथेच, आणि गेल्या उन्हाळ्यात ग्रिलचं वेल्डिंगही दोन दिवस तिथेच चाललं. वेल्डिंगच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो. कुलरचं पाणी साचतं तेही तिथेच. टायरला बाधणारं सगळं एका जागी गोळा करायचं म्हटलं, तर याहून चांगली जागा सापडायची नाही!

गाडी धुणारा पोरगाही टायर चमकावे म्हणून डिझेलचा बोळा फिरवतो. हौसेनेच करतो बिचारा, पण डिझेलने रबर फुगतं आणि खराब होतं. साबण-पाणी पुरे, हे त्याला समितीनेच सांगितलेलं बरं. माझं तो ऐकत नाही.

हा प्रश्न एकट्या माझ्या व्हॅनचा नाही. पोरं पुण्याला, अमेरिकेला गेल्यामुळे धूळ खात उभ्या असलेल्या पाच-सहा कार आपल्या पार्किंगमध्ये आहेत. पोरगा सुट्टीत येतो, बॅटरी चार्ज करून थेट समृद्धीवर काढतो. तिथे टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेत. महिन्याला साधारण एक-दोन पौंड हवा आपोआप उतरते, म्हणजे सहा महिन्यांत किती ते धरा. कमी हवा, जुनं रबर, तापलेला सिमेंटचा रस्ता आणि वर वेग.

म्हणून माझी विनंती अशी. व्हॅन उंच आहे, ती खालच्या पार्किंगमध्ये जात नाही. तिला पूर्वेची, पाण्याच्या टाकीजवळची जागा द्यावी. तिथे दुपारी एकनंतर इमारतीची सावली येते. चाकांखाली टायरपेक्षा रुंद फळ्या मी माझ्या खर्चाने टाकीन, हवा टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत पण नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवीन. महिन्यातून एका रविवारी सकाळी रिंग रोडपर्यंत फेरी मारायची आहे. नुसती पुढे-मागे केली तर टेकण्याची जागा बदलते, पण ते मेण नीट वर यायला टायर फिरावा लागतो. त्या अर्ध्या तासात माझ्या जागेवर दुसरी गाडी लागू नये, एवढं वॉचमनला सांगावं. मागच्या वेळी परत आलो तर तिथे मंडपवाल्याचा टेम्पो होता.

टोप्यांचं म्हणाल तर खाकी किंवा करड्या, समिती म्हणेल त्या रंगाच्या शिवून घेऊ, फक्त ऊन आरपार जाता कामा नये. काढायला मात्र सांगू नका. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो. त्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मी हजर राहीन आणि जुना टायर सोबत आणीन, म्हणजे चिरा बोट घालून बघता येतील.

आपला,
फ्लॅट क्र. ३०२