थिंग म्हणजे आधी सभा, वस्तू नंतर

मा. संपादक, स. न. वि. वि.

डेन्मार्कवरच्या तुमच्या लेखात तिथल्या संसदेचं नाव फोल्केटिंग म्हणजे 'लोकांची वस्तू' असं छापलंय आणि वर थोडी चेष्टापण केलीय, म्हणून लिहितोय. अहो, उलटं आहे ते! डॅनिश टिंग, इंग्लिश थिंग, जर्मन आणि डच डिंग हा सगळा एकच शब्द, आणि त्याचा जुना अर्थ सभा. नॉर्वेची संसद स्टोर्टिंग म्हणजे मोठी सभा, आणि स्वीडनमध्ये खालच्या कोर्टाच्या नावात अजूनही टिंग आहेच.

आइसलँडची संसद अल्थिंग तर इ. स. 930 पासूनची, आणि ती भरायची उघड्या माळावर, दरवर्षी उन्हाळ्यात. कायदे लिहिलेले नव्हते तेव्हा, म्हणून एक माणूस खास निवडलेला असायचा, तो लॉ रॉक नावाच्या खडकावर उभा राहून दरसाल एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा, म्हणजे तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानावरून जायचा. (आपल्याकडे अधिवेशनात काय कानावर पडतं ते सोडा.)

आता सभेची वस्तू कशी झाली? तर सभेपुढे भांडणं यायची, मग सभेपुढचं प्रकरण तेही थिंग, मग कुठलीही बाब थिंग, आणि शेवटी खुर्ची-टेबल पण थिंग. लॅटिनमध्येही हेच झालंय, कौसा म्हणजे खटला किंवा कारण, त्याचं इटालियनमध्ये कोझा आणि फ्रेंचमध्ये शोझ झालं, दोन्हीचा अर्थ वस्तू. इंग्लिशमध्ये जुना अर्थ गेला, पण निवडणुकीच्या प्रचाराला ते हस्टिंग्ज म्हणतात ना, त्यात हे थिंगच लपलंय. मूळ नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेतला) शब्द हूसथिंग, म्हणजे राजाच्या घरच्या माणसांची बैठक.

आणि इतकं लांब कशाला जायचं, आपली 'गोष्ट' घ्या की. संस्कृत गोष्ठी म्हणजे मंडळी जमून गप्पा, सभा, आणि त्याच्याही मागे गोष्ठ, म्हणजे गुरं बांधायची जागा, आपला गोठा. हिंदीवाले आजही गोष्ठी भरवतात, आपण मात्र आजीची गोष्ट ऐकतो आणि 'ही काही साधी गोष्ट नाही' असंही म्हणतो. तेव्हा फोल्केटिंगला पुढच्या वेळी सरळ लोकसभा लिहा, अगदी चपखल बसतं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली