अक्का, तुमच्यामुळे समोरच्या खुर्च्या भरल्या

अक्का,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तरी सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते सोलापुरातल्या प्रत्येक हौशी नाट्यसंस्थेला कळलं पाहिजे.

आमची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालमी करायच्या, आणि हुतात्मा स्मृती मंदिरात पडदा उघडला की समोर परीक्षक, दुसऱ्या संस्थांची मंडळी आणि आमच्याच घरची माणसं. दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नटराजाची पूजा झाली की आम्ही एकमेकांना ऐकवायचो, सोलापुरात नाटकाला प्रेक्षकच उरला नाही. शाहीर राम जोशींच्या लावण्या ज्या गावात जन्मल्या, गायिका-अभिनेत्री फैय्याज जिथल्या, त्या गावाबद्दल आम्ही हे बोलत होतो.

त्या दुपारी मी पोस्टरं घेऊन कुंभारीला, विडी कामगार बायकांच्या गोदूताई वसाहतीत आलो. तुम्ही उंबऱ्यात बसून बिड्या वळत होता, मांडीवर सूप. मी चाचरत विचारलं, नाटक मराठी आहे, तुमच्या तेलुगू बायकांना आवडेल का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आमाला मराठी कळतंय की ओ. तुमचा टायमच कळंना झालाय."

मग तुम्ही मला बसवून हिशेब सांगितला. हजार बिड्या वळायच्या, विडी कंपनीच्या शाखेत मोजून द्यायच्या, घरी येऊन पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा. नाटक रात्री साडेनऊला सुटलं तर पार्क चौकातून कुंभारीला परतायचं कशानं? इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. दहा हजार घरांची तुमची वसाहत २००६ साली उभी राहिली, २०२४ पासून शेजारच्या रे नगरात आणखी हजारो कुटुंबं राहायला आली, आणि आम्ही मात्र नवी पेठ, दत्त चौकात पोस्टरं डकवून प्रेक्षकांची वाट बघत होतो.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग ही तुमची सूचना. फुकट पास नकोत हेही तुम्हीच सांगितलंत. "फुकट दिलं की बाया व्हय म्हणतेत आन् येत न्हाईत. पैसे दिले की बरोबर येतेत." तीस रुपयांची तिकिटं तुम्ही बचत गटाच्या बैठकीत खपवलीत, रिक्षा ठरवल्यात. त्याआधी एक तालीम वसाहतीतच करायला लावलीत. नेपथ्य नाही, दिवे नाहीत, समोर पोरं आणि कुत्री. आमच्यातले दोघे नाराज होते. मलाही ते कमीपणाचं वाटलं होतं. पण पात्रांची ओळख त्याच दिवशी झाली. प्रयोगाला बायका आल्या त्या नाटक बघायला म्हणण्यापेक्षा ओळखीच्या माणसांचं पुढं काय झालं ते बघायला आल्या.

त्या रविवारी तिसरी घंटा झाली आणि मी विंगेतून बघितलं. मधल्या रांगा भरल्या होत्या. दुसऱ्या अंकात सून पहिल्यांदा उलट बोलते, तिथं प्रेक्षक शांत होतील असं आम्ही धरलं होतं. प्रेक्षकांतून कुणीतरी मोठ्यानं तेलुगूत काहीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. आमची नटी क्षणभर थांबली, मग तिनं पुढचं वाक्य असं टाकलं की तसं तिला तालमीत एकदाही जमलं नव्हतं.

प्रयोगानंतर खुर्च्यांखाली अर्धी तिकिटं पडलेली दिसली. बारीक, घट्ट वळलेली, टोकं नीट मुडपलेली. अगदी बिडीसारखी. नाटक बघताना तुमचे हात थांबले नव्हते. त्यातलं एक मी मेकअपच्या पेटीत जपून ठेवलंय.

अक्का, तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही. शाखेत उभं राहून, दमल्या जिवानं, तुम्ही आमच्यासाठी एकेका बाईला गळ घातलीत. आम्ही तुमच्या नात्याचे ना गोत्याचे.

नव्या नाटकाची पहिली तालीम पुढच्या रविवारी तुमच्याच वसाहतीत ठेवलीय. सासूचं पात्र खोटं वाटतं असं तुम्ही मागच्या वेळी म्हणाला होतात. या वेळी ते लिहितानाच तुम्हाला वाचून दाखवायचं ठरलंय. चहा आम्ही आणू, तुम्ही फक्त सूप घेऊन बसा.

तुमचा,
त्या दिवशीचा पोस्टरवाला