सायलेन्सरचा आवाज कानाने नको, मीटरने ठरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कंपनीचे काढून दुचाकींवर लावलेले, कान किटवणारे सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून, रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आता राज्यातल्या अनेक शहरांतून येतात. कारवाई व्हायलाच हवी. मी ठाण्यात राहतो, आणि हल्ली ज्या मोटारसायकलींवर हे सायलेन्सर सर्रास चढलेले दिसतात त्याच जातीची गाडी चालवतो: उंच, लांब सस्पेन्शनची, डांबरावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आल्यावर अशी गाडी साध्या नोकरदार पोरांच्या आवाक्यात आली. शनिवार-रविवारी पहाटे माळशेज, कसाऱ्याकडे निघालेले जथे माजिवड्याला, साकेतच्या पुलावर सहज दिसतात. छंद चांगला आहे. तो विनाकारण बदनाम होतो आहे, म्हणून हे पत्र.

माझी तक्रार अशी, की या सगळ्या प्रकारात कुणीच काही मोजत नाही. पोलीस कानाने ठरवतात. गाडीवाला आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं धरून चालतो. विकणारा खोक्यावर छापलेलं ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ हे वाक्य दाखवतो आणि तोच सायलेन्सर दुकानासमोर, भर रस्त्यात बसवून देतो.

आधी ताकदीचं बोलतो, कारण मुलं पैसे त्याच आशेने घालतात. दोनशे सीसीच्या या गाड्यांची ताकद साधारण १९ अश्वशक्तीच्या घरात. नुसता फ्री-फ्लो, म्हणजे आत फारसा अडथळा नसलेला, सायलेन्सर लावून भर पडलीच तर एखाद-दुसऱ्या अश्वशक्तीची, तीही वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना. दगडाधोंड्यांतून आणि चिखलातून चढताना आपण असतो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, खालच्या आरपीएमला. तिथे टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, लागतो, आणि रुंद पाइप बसवल्यावर बऱ्याचदा नेमका तोच घटतो. एक्सपल्ससाठी कंपनीने स्वतः रॅली किट, म्हणजे कच्च्या वाटेसाठी सुट्या भागांचा संच, काढलं होतं. त्यात जास्त हालचालीचं सस्पेन्शन होतं, खोल नक्षीचे टायर होते, हँडल उंच करणारे रायझर आणि सपाट सीट होती. सायलेन्सर नव्हता. हे मी प्रत्येक नव्या स्वाराला सांगतो. पैसा घालायचाच असेल तर टायरमध्ये घाला, सस्पेन्शनमध्ये घाला, पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दात्याने लहान करून बघा. चढणीला फरक लगेच हाताला जाणवतो आणि शेजाऱ्याची झोप मोडत नाही.

याहून मोठं नुकसान इंजिनात हवा जाते त्या बाजूला होतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. या गाड्यांना आता फ्युएल इंजेक्शन असतं. आत किती हवा येते याचा अंदाज ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) आणि दाबाच्या सेन्सरवरून बांधतो आणि त्यात आधीच भरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्यात दुरुस्ती करतो खरा, पण एकसारख्या, सावकाश चालीत. पूर्ण थ्रॉटल दिला की तक्ता सांगेल तेवढंच पेट्रोल. आता एअरबॉक्सचं, म्हणजे हवेचा फिल्टर असतो त्या खोक्याचं, झाकण कापलं, मूळ कागदी फिल्टर काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला, पुढे मोकळा पाइप जोडला. हवा वाढली, तक्ता मात्र जुनाच. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, आणि घाटात सामान लादून खालच्या गिअरमध्ये चढताना ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला सोसत नाही. थ्रॉटल सोडल्यावर पाइपातून जे फटाके वाजतात ते न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पेट घेतं म्हणून. पोरांना ती ताकदीची खूण वाटते. काही जण तर चालत्या गाडीत किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बंद-चालू करून मुद्दाम फटाके काढतात. रीमॅप करून, म्हणजे ईसीयूतला तक्ता बदलून, मिश्रण सुधारता येतं, पण ते गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून, मोजून करावं लागतं. बाहेरून आणलेला तयार मॅप भरला आणि झालं, असं ते काम नाही.

एअरबॉक्सला आणखी दोन कामं असतात. पहिलं धुळीचं. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि बांधकामं यांमुळे किती धूळ उडते हे तिथून जाणाऱ्याला सांगायला नको. कच्च्या वाटेवर पुढच्या गाडीच्या मागे राहिलात तर त्याहून अधिक. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती फिल्टरमधून निसटली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते. गाडी तेल जाळायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरं काम पाण्याचं. हवा घेण्याचं तोंड कंपनी वर, सीटखाली ठेवते ते ओढा ओलांडताना पाणी आत जाऊ नये म्हणून. त्या खोक्याला भोकं पाडून घेतलेली गाडी जुलैत मुरबाडच्या पुढे एखाद्या ओढ्यात घातली, की पाणी सिलिंडरमध्ये जाण्याची भीती असते. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी टेम्पोत घालून आणावी लागते. म्हणजे ज्या वापरासाठी हा बदल केला असं सांगितलं जातं, त्याच वापरात तो दगा देतो.

सायलेन्सरबरोबर बेंड पाइपही, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळीही, बदलला, तर अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड या तिन्हींना आवर घालते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या बीएस-६ मानकात दुचाकीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅम आहे. ती पाळली जाते ती याच जाळीमुळे. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही, की पीयूसी केंद्रावर गाडी नुसती चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तेवढे तपासतात. नायट्रोजन ऑक्साइड नाही, आवाजही नाही. कान किटवणारी गाडी पीयूसीचा कागद घेऊन कायदेशीर असल्यासारखी बाहेर पडते.

आता आवाज. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला मर्यादा ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही: दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. डीबी किलर, म्हणजे पाइपाच्या तोंडातली ती नळी, एक बोल्ट काढून फेकून दिली की काय होतं हे नवी मुंबईत पाम बीच मार्गावर राहणाऱ्यांना आणि ठाण्यातल्या पोखरण रोडवरच्या लोकांना विचारा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४०. येऊरचं मला विशेष वाईट वाटतं. उपवनाकडून वर गेलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. तिथे बिबट्या आहे, पाटोणापाडा, जांभूळपाड्याची वस्ती आहे. तिथल्या शांततेवर आपला हक्क आहे असं मानून रात्री पाइप वाजवत जाणारे आमच्यातलेच आहेत, आणि त्यांना आम्हीच थांबवलं पाहिजे.

कायदा कमजोर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बेकायदा बदलांना मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडून गाडी चालवली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना निलंबित. अडतं ते मोजण्यापाशी. ८० डेसिबलची चाचणी साडेसात मीटर अंतरावरून, वेग घेत जाणाऱ्या गाडीची घेतात. तीनहात नाक्यावर ती कुठला हवालदार घेणार? मग नजरेने आणि कानाने निकाल होतो. कंपनीच्याच सायलेन्सरची, पण जोरात वाजणारी गाडी अडवली जाते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली, पण शांत चालणारी गाडी सुटते.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. उभ्या गाडीची चाचणी करायची: पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन, ठरावीक आरपीएम, आणि मीटरवरचा आकडा. युरोपात प्रत्येक मोटारसायकलचा हा उभ्या चाचणीचा आकडा आणि तो कोणत्या आरपीएमला घ्यायचा हे नोंदणीच्या कागदावरच असतं. पोलीस त्याच्याशी ताडून पाहतात. तिथे बाहेरचा सायलेन्सर लावायला बंदी नाही, पण त्यावर मान्यतेचा ठसा लागतो. आपल्याकडेही प्रत्येक मॉडेलचा हा आकडा आरसीवर यावा, म्हणजे तो ८० शी ताडायचा की आणखी कशाशी, हा वाद राहणार नाही. तोवर ठाणे आणि वाशीच्या आरटीओंनी निदान आपल्या कार्यालयात मीटर ठेवून, गाडीवाल्याला स्वेच्छेने आवाज तपासून घेता येईल अशी सोय करावी. पीयूसी केंद्रांनाही हे काम देता येईल. आणि कारवाई विकणाऱ्याच्या दारापर्यंत जावी. एक पोरगा दंड भरतो, दुकानात त्याच्या मागे दुसरा उभा असतो.

अशी तपासणी सुरू झाली, तर मी आणि माझ्याबरोबर भटकणारे स्वार पहिल्याच दिवशी आपापल्या गाड्या मीटरसमोर आणून उभ्या करू. आरटीओने फक्त वार आणि वेळ जाहीर करावी, आणि आपण ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)