ओढ्याकडचं रान

प्रिय बापू,

फोनवर हे नीट बोलता येईना, म्हणून लिहितोय. घरी सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा आहे तसाच.

आबांनी उसाचा खोडवा मोडून ओढ्याकडच्या पट्टीत मेथी-पालक करायचं ठरवलंय. ऊस होता तोवर मी गप्प होतो. आता तिथली भाजी लोकांच्या ताटात जाणार, आणि त्या रानाची कुंडली तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुमच्या सखल वाफ्यात काकांनी फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामातली टाकाऊ काळी वाळू भरून घेतली होती. ट्रॉली रिकामी झाली की आपण वाळूच्या ढिगावरून घसरायचो, आठवतंय? 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांचं पाणी त्या वाळूवरूनच आमच्याकडं आलं. (बांध तुमच्या काकांनीच कोरला, हे मी मरेपर्यंत म्हणणार.) हायवेचं पाणीही त्याच ओढ्यात. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं, पण मातीत उतरलेलं कुठं जाणार? ते वरच्या थरालाच धरून बसतं.

आबा म्हणतात, माती परीक्षण केलंय की! केलंय, पण मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र-स्फुरद-पालाशपासून सामू (pH), सेंद्रिय कर्बापर्यंत 12 गोष्टी असतात. जस्त, तांबं आहे, पिकाला कमी पडतंय का बघायला. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाहीच. कॅडमियम तर स्फुरदाच्या खतातूनही येतं, आणि उसाला आपण पोती किती ओतली! आपली माती चुनखडीची, सामू जास्त, म्हणून बरंचसं अडकून राहतं. तरी पालक ते पानात ओढतो, आणि माणसाच्या मूत्रपिंडात ते वर्षानुवर्षं साठतं. जपानात जिंझू नदीकाठी खाणीच्या कॅडमियमवाल्या पाण्यावरचा भात खाऊन माणसांची हाडं मोडत होती. सरकारनं ते मान्य केलं 1968 साली. आपल्याकडं तेवढं असेल असं मी म्हणत नाही. पण बघितल्याशिवाय विकायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

तपासायचं तर माळावरची मातीही सोबत द्यावी लागेल. काळ्या मातीत तांबं, निकेल मुळातच बऱ्यापैकी असतं, त्यामुळं बाहेरून किती आलं हे तुलनेशिवाय कळत नाही. सगळ्या रानाची माती एकत्र कालवली तर खराब जागा त्यात लपून जाईल. म्हणून काकांना विचार: वाळू कुठवर पसरली, विहिरीपर्यंत की अलीकडंच? आणि ओतकाम कशाचं होतं? लोखंडाचं असेल तर भीती कमी. पितळ-ब्राँझचं असेल तर शिसं, तांबं, जस्त तिन्ही आलं. काका माझ्याशी बोलणार नाहीत, तुझ्याशी बोलतील.

वहिनींची बदली झाली का? पोराचा निकाल कळव. फ्लॅटचं काय झालं?

उत्तर लवकर दे. आबांनी बी आणलंय, सध्या ते माझ्या कपाटात कुलपात आहे. त्यांना मी सांगितलंय, पट्टीत झेंडू लावू, मेथी-पालक विहिरीवरच्या रानात करू. ते म्हणाले, बापूला विचार.

तुझा,
दादू